बाबांच्या गुडघ्यातली गादी

बऱ्हाणपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शाळा हिंदी माध्यमाची, वर्गातल्या बऱ्याच मुली घरी मराठी बोलणाऱ्या, आणि शिकवणारी मी तापट. या सगळ्याचं मिश्रण झालं की उत्तरपत्रिका तपासताना चहा नाकातून बाहेर येतो.

आमच्या पुस्तकात एक शब्द आहे, आधात्री. शरीर पेशींचं बनलेलं असतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण नुसत्या पेशी म्हणजे शरीर नव्हे. पेशींच्या भोवती, त्यांच्या मधल्या जागेत एक भरणा असतो. त्यात बारीक चिवट धागे असतात, लगदा असतो, पुष्कळ पाणी असतं. पेशी हा भरणा स्वतःच तयार करतात आणि मग त्यातच मुक्काम ठोकतात. तोच त्यांना धरून ठेवतो, आकार देतो, धक्के सोसतो. मराठीत त्याला आधारद्रव्य म्हणता येईल. हिंदी पुस्तकवाल्यांनी त्याला आधात्री केलं आणि आमच्या पोरींच्या गळ्यात मारलं.

तर सहामाहीला एका मुलीनं लिहिलं, ‘उपास्थि की कोशिकाएँ अधांतरी में रहती हैं.’ कोशिका म्हणजे पेशी आणि उपास्थि म्हणजे आपली कूर्चा, सांध्यातलं मऊ हाड. मी तिला उभी केली. म्हटलं, अधांतरीचा अर्थ सांग. ती म्हणाली, “मैडम, लटका हुआ. मेरी बुआ की शादी अधांतरी है.” म्हटलं, आणि आधात्रीचा? “मैडम, जो पकड़ के रखता है.” मग एकाच्या जागी दुसरं कसं चालेल गं बाई? तर ती शांतपणे म्हणाली, “मैडम, एक बिंदी का ही तो फरक है.” घरातला शब्द शाळेत आणि शाळेतला घरात, असं या पोरींचं चालूच असतं. मी रागावणार होते, पण सगळा वर्ग हसत होता आणि मलाही हसू आवरेना.

हे मी घरी सांगून सगळ्यांना हसवणार, तेवढ्यात आमच्या घरातच त्याहून मोठा घोटाळा झाला. तो बाबांच्या गुडघ्यावरून झाला.

माझ्या वडिलांचं इतवारा बाजारात गाद्या-रजयांचं दुकान आहे. रुई म्हणजे पिंजलेला कापूस, गाद्या, रजया, उशा, लोड. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात बाबांची स्वतःची गादी, पांढरीशुभ्र चादर घातलेली, मागे लोड. मागच्या अर्ध्या भागात जमिनीवर आई, दाभण घेऊन. रुई भरून झाली की ती आत हलू नये म्हणून गादीला जागोजागी टाके घालावे लागतात, ते काम आईचं. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत टाके घालत बसायची. गिऱ्हाइकाला पुढचे बाबा दिसायचे, मागची आई गाद्यांच्या थप्पीआड असायची.

गादीवर मांडी घालून बसलेले बाबा म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ही गादी आजोबांनी टाकलेली. दर दिवाळीला तिची रुई नवी होते, पण जागा तीच. बाबांचं तत्त्वज्ञान असं की खुर्चीवर बसतो तो नोकर आणि गादीवर बसतो तो मालक. बँकेचा मॅनेजर दुकानात आला तरी बाबा त्याला गादीवरच बसवायचे, आणि बिचारा बूट काढून, पँट वर ओढून, तिरका बसायचा. फोमच्या गाद्या विकणाऱ्यांबद्दल ते फक्त एवढंच म्हणतात, “हवा विकून राह्यले लोक.”

तर या माणसाला गादीवरून उठणं जड जायला लागलं. आधी ते लोडावर हात टेकून उठायचे. मग दोन्ही हात टेकायला लागले. मग तर उठण्याच्या आधी कात्री शोधल्यासारखं करायचे, इकडे चाचप, तिकडे चाचप, आणि त्या चाचपण्याच्या आडून हळूच गुडघ्यावर यायचे. कात्री समोर खिळ्याला टांगलेली असायची. मी एकदा ती काढून हातात दिली तर माझ्यावरच उखडले.

शेवटी मी आणि आईनं धरून त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, इंदूरकडचा, मराठीचा गंध नसलेला. त्यानं एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, “बाबूजी, आपकी गद्दी घिस गई है.”

बाबा ताठ झाले. “किसकी?”

“आपकी.”

“डॉक्टरसाब, मेरी गद्दी इतवारे में है. बाप की बिछाई हुई है. हर दीवाली को रुई बदलता हूँ. घिसने का सवालच नहीं.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खुणेनं गुडघा दाखवला. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं बाबांना एक्स-रे समजावून सांगितला. हे मांडीचं हाड, हे नडगीचं, आणि दोन्हींच्या मध्ये ही जागा. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसते ती नुसती जागा, आणि त्या जागेवरून आत किती शिल्लक आहे ते ओळखायचं. बाबांच्या उजव्या गुडघ्यात जागा फार थोडी उरली होती.

बाबांनी ते नीट पाहिलं. मग अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाले, “तो भर दो. पुरानी रुई निकालो, पींजो, नई डालो. इसमें क्या है?”

“बाबूजी, ये रुई बाज़ार में नहीं मिलती.”

“कौन से बाज़ार में देखा?”

आई आणि मी तोंडाला पदर आणि ओढणी लावून बसलो. पण पुढचं ऐकून हसणं थांबलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जमिनीवर बसणं बंद. मांडी घालणं तर अजिबात बंद. सपाट रस्त्यावर रोज चालायचं, पायाचे व्यायाम करायचे, काठी वापरायची. हे केलं तर गुडघा बरीच वर्षं चालेल. नाही केलं तर एक दिवस कापून नवा बसवावा लागेल.

बाबांना कापाकापीची भीती वाटली नाही. ते ‘बंद’ या शब्दावरच अडकून बसले. लोधीपुऱ्यात घरापाशी रिक्षातून उतरताना म्हणाले, “गादीवरून उठवलं तं मी उरलो काय?” आणि हे ते विनोदानं म्हणाले नव्हते. मला एकदम भडभडून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

त्या संध्याकाळी आईनं तुकईथडला आत्याला फोन केला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुई बाबांहून मोठी, केळीच्या बागा सांभाळणारी, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. आई बोलली ते मी ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “यांची गादी गेली हो. डॉक्टर म्हणे, बसणं बंद.” तेवढ्यात फोन कटला. तिकडे खकनार तालुक्यात रेंज अशीच जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुई केळीचा घड घेऊन थेट दुकानावर हजर. पायरीवरच तिनं घड टेकवला आणि गळा काढला.

“भाऊ रे, गादी कायले सोडतो? बापानं टाकेल गादी!”

“मी कुठी सोडतो ताई? तीच मले सोडून चालली.”

“कोणी नेली?”

“नेली नाही कोणी. झिजली.”

“झिजली तं भर नं! रुईचं दुकान तुझं अन् झिजली म्हणतो?”

“मी बी तेच म्हटलं डॉक्टरले.”

“डॉक्टर मधात कुठून आला? तो घेतो का दुकान?”

माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी तिथे होते, आणि मध्ये पडून सगळं सरळ करणं मला सहज शक्य होतं. पण असले प्रसंग आयुष्यात वारंवार येत नाहीत. मी गाद्यांच्या थप्पीवर बसून ऐकत राहिले. फुई रडत होती, बाबा चिडत होते, आणि समोरचा बांगड्यावाला, शेजारचा चपलावाला, सगळे कान टवकारून उभे. शेवटी आईच मागून ओरडली, “अहो फुईबाई, गुडघ्याची गादी! गुडघ्याची!”

फुईनं रडणं मध्येच थांबवलं. डोळे पुसले. मग बाबांकडे वळून म्हणाली, “मंग गुडघा म्हण नं! मेल्या, गादी गादी काय करतो?” आणि एक केळं सोलून खाल्लं.

पण बाजारात ‘ध’चा ‘मा’ व्हायचा तो झालाच होता. डॉक्टर दुकान घेतोय ही बातमी इतवाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली. संध्याकाळी एक बाई बाळाला कडेवर घेऊन आली आणि बाबांना विचारायला लागली, “डॉक्टरसाब किस दिन बैठेंगे?” बाबांनी तिला ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं बाळ रडायला लागलं.

फुई घरी राहिली. तिनं निर्गुडीचा पाला शेकला, एरंडेल चोळलं, आणि उपाय म्हणून तखत, म्हणजे लाकडी चौकी, सुचवला. तखतावर गादी टाकायची आणि पाय खाली सोडून बसायचं. बाबा म्हणाले, “पाय लोंबकळून बसाले मी काय बैलगाडीवर बसलो?” फुईनं कपाळावर हात मारला आणि परतीची बस पकडली. ती गेल्यावर बाबा पुन्हा मांडी घालून बसले.

मग मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. शाळा सुटल्यावर दुकानात जायचं आणि भांडायचं. भांडणात आम्ही दोघंही तयार आहोत, कारण माझा स्वभाव त्यांच्याकडूनच आला आहे. एकदा ते वैतागून म्हणाले, “तू हेच शिकवते नं पोरींले? मंग सांग, माझी गादी गेली कशी? मी काय धावायच्या शर्यती केल्या? मी तं बसून होतो.”

“म्हणूनच गेली,” मी म्हटलं.

आणि मग मी त्यांना वर्गात सांगते तसं सांगितलं. म्हटलं, सांध्यातल्या या गादीत पेशी फार थोड्या असतात. जास्त असतो तो त्यांनी स्वतःभोवती घातलेला भरणा. त्यात धागे असतात, आपल्या रुईत असतात तसे एकमेकांत अडकलेले. धाग्यांमध्ये लगदा असतो, तो पाणी धरून ठेवतो. आता गंमत अशी की या गादीत रक्ताची नळी जात नाही. शरीराच्या सगळ्या मोहल्ल्यांना रक्ताचा नळ आहे, हिला नाही. मग आतल्या पेशी खातात काय? तर पाय टेकला की वजन पडतं, गादी दाबली जाते, जुनं पाणी बाहेर येतं. पाय उचलला की ती पुन्हा फुलते आणि ताजं पाणी आत ओढते. त्या पाण्यातून जे येईल तेच त्यांचं जेवण. माणूस चालला तर त्या जेवतात. बसून राहिला तर बसतात उपाशी.

बाबा ऐकत होते. त्यांनी शेजारच्या ढिगातली मूठभर रुई उचलली, दाबली, सोडली. नवीन माल आला की ते असंच करतात. चांगली रुई हातात हळूहळू फुलून येते, वाईट तशीच गोळा होऊन बसते. त्यांनी दोन-तीनदा दाबून सोडली.

“म्हणजे मी बसून बसून तिले उपाशी मारली.”

“वयही आहेच बाबा. पण हो, तसंच काहीसं.”

“अन् ती बोलली कशी नाही इतकी वर्षं?”

“तिला नसही नाही. कूर्चा दुखतच नाही. ती झिजत जाते आणि गप्प असते. खूप झिजली की खालचं हाड ओरडतं, तेव्हा आपल्याला कळतं.”

बाबांनी मागे वळून आईला हाक मारली, “ऐकलं का? हाड ओरडते म्हणे!” आई दाभणात दोरा ओवत होती. “ऐकलं,” म्हणाली.

त्या दिवशी तह झाला. चालणं मंजूर, खुर्ची नामंजूर. मी अर्धीच लढाई जिंकले होते आणि ती अर्धी फुकट होती, कारण सकाळी चालून जे कमवायचं ते दिवसभर मांडी घालून घालवायचं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय. पण पालथ्या घड्यावर थोडं तरी पाणी थांबलं, या आनंदात मी तूर्त गप्प बसले.

आता अडचण काठीची होती. डॉक्टरांनी सांगितलेली काठी मी आणली, चांगली हलकी, खाली रबर असलेली. बाबा तिच्याकडे बघेनात. लोधीपुऱ्यातून तापीवरच्या राजघाटाकडे जाताना निम्मं गाव भेटतं आणि निम्म्या गावाच्या पाठीखाली बाबांच्या गाद्या आहेत. त्यांच्यासमोर काठी टेकत जायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दुकानाला कुलूप लावण्यासारखंच होतं. यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. काठी आईनं धरायची. ती सोबत चालेल, लोक समजतील काठी तिची, आणि रस्ता मोकळा दिसला की बाबा ती घेतील.

ही युक्ती त्यांना इतकी आवडली की ते मला रोज सांगायचे, “कोणाले पत्ता लागत नाही. आज तो शाळेवाला मास्तर म्हणे, वहिनींचे पाय दुखतात का? मी म्हटलं, हो नं, वय झालं तिचं.” आणि खो खो हसायचे. आईही हसायची. मीही हसायचे. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना रस्त्यात काठी मागायची फार गरजच पडत नव्हती. ती बहुतेक वेळ आईच्याच हातात राहायची. पाय सुधारतोय म्हणून ते खूश होते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. बाबा पुढे, हात मागे बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत. मी मध्ये. आई मागे, काठी टेकत. तापीला पाणी बऱ्यापैकी होतं. घाटावर बायका कपडे धूत होत्या. बाबा वरच उभे राहिले, कारण पायऱ्या उतरायला त्यांना मनाई होती, आणि आई म्हणाली, “मी जरा दम खाते,” आणि एका पायरीवर बसली.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, “चला.” मी वळले. आईनं काठी टेकली, उठायला गेली आणि परत बसली. बाबा हसले. “उठ व! गादी माझी गेली का तुझी?”

आईही हसली. तिनं दुसरा हात पायरीवर टेकला. मग काठी बाजूला ठेवून दोन्ही हात टेकले. तिचं अंग वर आलं, थरथरलं आणि पुन्हा खाली गेलं. हसू तसंच चेहऱ्यावर होतं, पण कपाळावर घाम आला होता. कपडे धुणारी एक बाई ओल्या हातांनी धावत आली, आणि तिनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून आईला उभं केलं. आई म्हणाली, “काही नाही, पाय झोपला असंल.”

मी तिथेच वाकून लुगड्यावरून तिच्या गुडघ्याला हात लावला. तो सुजला होता आणि गरम होता. दुसरा त्याहून जास्त.

बाबांनी काठी उचलली. तिच्याकडे पाहिलं. रबराची एक बाजू चांगलीच घासून गेली होती. त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि मग वाटेत एकालाही रामराम घातला नाही.

डॉक्टरांनी या वेळी एक्स-रे बराच वेळ दिव्यासमोर धरला. मी मागे उभी होते आणि मला काही विचारायची गरज नव्हती. बाबांच्या गुडघ्यात थोडी तरी जागा होती. आईच्या गुडघ्यांत दोन हाडं एकमेकांना टेकलेली होती. डॉक्टरनं खुर्ची वळवली आणि विचारलं, “माताजी, आप चलती कैसे हैं?”

“धीरे-धीरे,” आई म्हणाली.

तो हसला नाही. कधीपासून दुखतंय, त्यानं विचारलं. आई मला म्हणाली, “सांग त्याले, तू कॉलेजात होती तवापासून.” मला कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली की माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला आहे. मला तिचा असा राग आला की मी दवाखान्यातच तिच्यावर ओरडले. बोलली का नाहीस? एवढा गुडघ्यांचा तमाशा घरात चालला होता, रोज त्याच गप्पा, मी रोज तोंडाला फेस येईपर्यंत तेच शिकवत होते, आणि तू मागे बसून टाके घालत होतीस?

आई जरा शरमल्यासारखी झाली. “यांचं एवढं चालू होतं,” म्हणाली, “त्यात मी माझं कुठी घालू? एका घरातून दोन-दोन गाद्या कशा जातील?”



सोमवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले तर दुकानाचं तोंडच बदललेलं. पांढरी चादर नव्हती. गादी गुंडाळून, सुतळीनं बांधून, मागच्या भिंतीला उभी केलेली. तिच्या जागेवर दोन लाकडी खुर्च्या होत्या, हातांच्या, जरा उंच, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार न येता हातांवर येईल अशा. खुर्च्यांवर नव्या रुईच्या उशा. मागच्या भागात, आईच्या जागेवर, नुसती फरशी दिसत होती.

बांगड्यावाला त्याच्या दुकानातून वाकून बघत होता. बाबा एका खुर्चीवर बसले होते आणि त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. आई डबा घेऊन पायरीशी उभी होती.

“बैस,” बाबा म्हणाले.

“इथी? पुढे?”

“मंग कुठी? खाली बसणं बंद आहे तुले.”

“अन् टाके?”

“त्याले माणूस पाहीन मी.”

आईनं गुंडाळलेल्या गादीकडे पाहिलं. “तुम्ही तं म्हणत होते, गादीवरून उठवलं तं...”

“मी माझ्या गुडघ्यासाठी म्हणत होतो ते,” बाबा म्हणाले. त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची उशी थोपटली. “माझ्या गुडघ्यासाठी मी नसतोच उठलो. बैस आता.”

“लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. इतकी वर्षं कोणी पाहिलं नाही. मीच नाही पाहिलं.”

मी डबा तिच्या हातातून घेतला. आईनं खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि हळूहळू बसायला लागली. बसता बसता तिच्या तोंडून “आई गं” निघालं, चांगलं मोठ्यानं. बांगड्यावाल्यानंही मान वर केली. बाबा झटकन उठायला गेले, तर तिनं हातानंच त्यांना खाली बसवलं, आणि मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाली, “दुखते. फार दुखते.”

याआधी घरात आम्हां कोणालाही तिनं हे सांगितल्याचं मला आठवत नाही.